स्वस्तातला स्ट्रीमिंग अ‍ॅम्प्लिफायर पारखताना: माझा अनुभव

आमच्या घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर बदलायचे ठरले, तेव्हा त्याच्या आवाजाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर गेला की तो क्लास एबी जातीचा (चालताना बरीच वीज उष्णतेत घालवणारा) जड डबा शोकेसमध्ये इतका तापायचा की त्यावर हात ठेववत नसे. शिवाय आईला भजने, मुलीला स्पॉटिफाय आणि मला ख्याल ऐकायचा म्हणजे दर वेळी फोन, वायर आणि ब्लूटूथचा डोंगल यांची जुळवाजुळव आलीच. स्पीकर मात्र चांगले होते आणि ते बदलण्याचा विचार नव्हता. त्यामुळे ३५,००० रुपयांच्या आत, इंटरनेटवरून स्वतः गाणे ओढणारा आणि त्याच स्पीकरांना पुरेशी ताकद देणारा एकच डबा शोधणे एवढाच प्रश्न होता.

या किमतीत पूर्वी फारसे काही मिळत नसे. २०२३ च्या अखेरीस विम अ‍ॅम्प हे यंत्र २९९ डॉलरला बाजारात आले आणि वाय-फाय, टीव्हीचा आवाज आत आणणारी एचडीएमआय एआरसी जोडणी, सबवूफरची जोडणी आणि ८ ओहमला ६० वॅट, ४ ओहमला १२० वॅट एवढी ताकद एका लहान डब्यात मिळू लागली; त्यानंतर इतर कंपन्यांनाही हीच वाट धरावी लागली. नाशिकला असलेल्या माझ्या भाच्याकडे हेच यंत्र होते आणि दिवाळीच्या सुट्टीत तो ते सोबत घेऊन आला. दुसऱ्या कंपनीचे तसेच एक यंत्र ओळखीच्या दुकानदाराने घरी ऐकायला दिले. तिसरा पर्याय दोन तुकड्यांचा होता: हाताच्या पंजाएवढा क्लास डी (कमी तापणाऱ्या जातीचा) अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला वेगळा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणे ओढणारा डबा.

ऐकण्याआधी मी खोक्यावरचे आकडे तपासले आणि तेथेच पहिली गंमत दिसली. त्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर प्रत्येक बाजूला ३०० वॅट असे ठळक छापलेले होते, तर सोबतच्या अडॅप्टरवर ४८ व्होल्ट, ५ अँपिअर. म्हणजे अडॅप्टरमधून आत येणारीच वीज फार तर २४० वॅट. त्यातून ६०० वॅट बाहेर काढून दाखवणारा अजून जन्मायचा आहे. आतली टीपीए३२५५ ही चिप खरोखर दमदार आहे आणि या किमतीच्या बऱ्याच यंत्रांत तीच किंवा तिची भावंडे असतात, परंतु खोक्यावरचा आकडा हा चिपने पुरेसा वीजपुरवठा असताना आणि दहा टक्के विकृती (आवाज फाटणे) चालवून घेतल्यास दिलेला असतो. म्हणून खोके बाजूला ठेवून अडॅप्टरची चिठ्ठी वाचावी, हे मी आता कोणालाही सांगतो.

तसे पाहिले तर एवढे वॅट लागतातच कोणाला? वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबलने, आणि कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. माझे स्पीकर ६ ओहमचे आणि ८६ डेसिबल संवेदनक्षमतेचे, म्हणजे थोड्या वॅटांत मोठे वाजणारे, उत्साही नव्हेत. तरीही त्यांच्या टोकांवर २ व्होल्ट, म्हणजे जेमतेम पाऊण वॅटाहूनही कमी, मोजले जात असताना खोली इतकी भरली होती की स्वयंपाकघरातून आवाज कमी करण्याची सूचना आली. तबल्याच्या जोरकस थापेला क्षणभर याच्या कितीतरी पट ताकद लागते हे खरे, परंतु ६० वॅट त्यासाठी माझ्या खोलीत भरपूर होतात.

आवाजाची तुलना करताना सर्वांत मोठी फसगत पातळीची असते. दोन यंत्रांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तरी कान ते वाढीव आवाज म्हणून ओळखत नाही. मोठे वाजणारे यंत्र त्याला 'मोकळे', 'जिवंत' वाटते आणि दुकानात बहुतेक सौदे याच भावनेवर होतात. म्हणून १०० हर्ट्झचा सलग सूर वाजवून साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजला. सूर १०० हर्ट्झचाच घेतला, कारण स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनलेला असतो आणि फार वरच्या सुरांवर त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. तिन्ही यंत्रे २ व्होल्टवर, फरक दोन शतांश व्होल्टच्या आत, म्हणजे सुमारे एकदशांश डेसिबल. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची गोल खुंटी फिरवून हे लगेच जमले. ज्या यंत्रांचा आवाज ठरावीक टप्प्यांनीच वाढतो, त्यांच्या बाबतीत जो किरकोळ फरक उरला तो ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत गाण्याच्या फाइलचीच पातळी तेवढी उतरवून भरून काढला.

आता एका जोडी स्पीकरवर दोन अ‍ॅम्प्लिफायर झटपट कसे बदलायचे? वायरी काढून पुन्हा लावण्यात मिनिटभर जातो आणि तेवढ्यात कानाची आठवण पुसट होते. यासाठी बाजारात स्पीकर सिलेक्टर मिळतात, पण त्यांपैकी अनेकांत दोन्ही बाजूंच्या काळ्या वायरी आत एकत्र जोडलेल्या असतात. या क्लास डी यंत्रांत तसे करणे घातक आहे, कारण त्यांच्या काळ्या टोकावरही लाल टोकासारखाच सिग्नल असतो, ते टोक जमिनीशी जोडलेले नसते. दोन काळी टोके एकत्र आली की चिप जाण्याची भीती. मला उपाय सुचला तो आपल्याकडच्या लोडशेडिंगमुळे. जनरेटर आणि महावितरणची लाइन यांच्यामध्ये बसवतात तो चार पोलचा चेंजओव्हर स्विच खानदेशात कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. त्यात चारही वायरी, डाव्या-उजव्या स्पीकरच्या लाल आणि काळ्या, एकाच वेळी तुटतात आणि मधल्या बंद स्थितीतून गेल्यावरच दुसऱ्या बाजूला जोडल्या जातात. नवाकोरा स्विच आणून, त्यात घरची वीज न आणता, फक्त स्पीकरच्या वायरी बसवल्या. मूठ फिरवली की खट् असा आवाज येऊन अ‍ॅम्प्लिफायर बदललेला असे. तो खट् दोन्ही दिशांना सारखाच येई, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यावरून काही कळत नसे.

पत्नीने पडद्याआड बसून मूठ फिरवायची, कोणते यंत्र चालू आहे ते वहीत टिपायचे आणि मी समोर बसून ओळखायचे, अशी व्यवस्था केली. ऐकण्यासाठी मी तानपुरा मुद्दाम निवडला. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यात खालच्या षड्जापासून वरच्या बारीक स्वरांशांपर्यंत सगळे काही सतत चालू असते आणि त्यातला एखादा थर दबला किंवा टोकदार झाला तर ज्याचा कान गाण्यात मुरला आहे त्याला ते कोणत्याही इंग्रजी गाण्यापेक्षा लवकर समजते. त्याखेरीज डग्ग्याची घसीट, एका स्त्री-आवाजातला विलंबित ख्याल, आणि लग्नाच्या वरातीत वाजते तसे दणदणीत खर्जाचे एक अहिराणी गाणे. वहीशी ताडून पाहिले तेव्हा माझे उत्तर निम्म्याच्या आसपासच बरोबर येत होते, म्हणजे नाणे उडवूनही हाच निकाल लागला असता. भाऊबीजेला आलेले शिरपूरचे साडू थोडा वेळ ऐकून म्हणाले, "काय फरक शे भाऊ, दोन्ही सारखाच वाजतस." त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते.

फरक अगदीच नव्हता असे नाही, पण तो गाण्यात नव्हता. रात्री पंखा बंद करून ट्वीटरला (स्पीकरमधल्या वरच्या सुरांच्या भागाला) कान लावला तर दुकानदाराने दिलेल्या यंत्रातून बारीक सूं ऐकू येई. हातभर अंतरावर तो नाहीसा होत होता. दुसरे असे की, क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटी जी गाळणी असते तिचे वागणे स्पीकरच्या ओहमवर अवलंबून राहते. गाळणीनंतरचा सिग्नल परत मागे तपासायला पाठवण्याची सोय नसेल, तर काही स्पीकरांवर अगदी वरचे स्वर थोडे चढतात वा उतरतात. परंतु हा खेळ मुख्यतः १० हजार हर्ट्झच्या वरचा, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या कानाचे तेथले दुकान बंद झालेले आहे. मुलीलाही वेगळे काही ऐकू आले नाही.

ज्या फरकाने मात्र घरातले सगळेच चकित झाले, तो खोलीचा होता. आमची बसण्याची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, वर १० फुटांवर स्लॅब आणि खाली गुळगुळीत फरशी. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरीची अर्धी लांबी नेमकी मावते तो सूर तेथे घुमत राहतो: १२ फुटांसाठी तो सुमारे ४७ हर्ट्झ आणि १० फुटांसाठी ५६. आमच्याकडे रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ हर्ट्झचा घुमारा दोन बाजूंनी येतो, आणि त्या अहिराणी गाण्यातला खर्ज नेमका तेथेच येऊन शोकेसच्या काचा थरथरवत होता. भाच्याच्या यंत्राच्या अ‍ॅपमध्ये फोनच्या मायक्रोफोनने खोली मोजण्याची सोय आहे. स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा सूर निघतो आणि पडद्यावर आलेख उमटतो. त्यात अपेक्षेप्रमाणे पन्नाशीच्या पुढे मोठा उंचवटा आला. यंत्राने आपोआप सुचवलेली दुरुस्ती मला वरच्या सुरांत अनाठायी वाटली. फोनच्या मायक्रोफोनवर तेवढी भिस्त ठेवता येत नाही, म्हणून मी ती रद्द केली आणि पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये (हवा तो सूर निवडून कमी-जास्त करण्याच्या सोयीत) फक्त ५६ हर्ट्झवर अरुंद पट्टा धरून ६ डेसिबल उतरवले. डग्ग्याची प्रत्येक थाप सुटी झाली. त्यानंतर स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावला आणि टाळी वाजवल्यावर येणारी झणझण बंद झाली. जाड पडद्याने खर्जाचे काही होत नाही हेही सांगितले पाहिजे. त्याचा उपयोग फक्त वरच्या सुरांसाठी.

अशा रीतीने आवाजाचा प्रश्न खोलीने आणि इक्वलायझरने सोडवल्यावर निवड सोयींवर येऊन ठेपली, आणि तेथे तिन्ही यंत्रे एकमेकांपासून फार दूर होती. आमच्या भागात पहिली परीक्षा वीज जाण्याची. मी मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू केले. राउटरला जागे व्हायला दोनेक मिनिटे लागतात. भाच्याचे यंत्र तेवढा वेळ थांबून स्वतःच वाय-फायला जोडले गेले, दुकानदाराचे यंत्र मात्र एकदा प्रयत्न करून गप्प बसले आणि त्याला हाताने बंद-चालू करावे लागले. त्याच यंत्राची आपोआप झोपण्याची सवय आणखी त्रासाची होती: बाहेरून वायरीने जोडलेल्या कॅसेट डेकवर आलापीचा मंद भाग सुरू झाला की त्याला वाटे, गाणे संपले, आणि ते मध्येच बंद पडे. ज्याने ही सेटिंग ठेवली त्याने विलंबित ख्याल कधी ऐकला नसावा.

दुसरी परीक्षा गाणे येते कोठून याची. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिक फोनवरून अशा यंत्राकडे पाठवले की फोन केवळ रिमोटचे काम करतो आणि यंत्र स्वतः इंटरनेटवरून गाणे ओढते. मध्ये फोन आला तरी गाणे तुटत नाही. ब्लूटूथवर तसे होत नाही, शिवाय पाठवताना गाण्याचा डेटा पुन्हा एकदा दाबून लहान केला जातो. पण आमच्याकडची निम्मी आवड, अहिराणी गाणी, कानबाईची गीते, गावोगावची कीर्तने, साध्या यूट्यूबवर व्हिडिओच्या रूपात आहे आणि तो व्हिडिओ केवळ आवाजाच्या यंत्राकडे पाठवता येत नाही. येथे एचडीएमआय एआरसीची खरी किंमत कळते: यूट्यूब टीव्हीवर लावावे आणि आवाज त्याच एका केबलने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये यावा, टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त व्हावा. त्यासाठी टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) निवडावे लागते, अन्यथा बऱ्याच स्वस्त यंत्रांतून काहीच ऐकू येत नाही. दोन तुकड्यांच्या जोडीत एआरसी नव्हती, आणि आईला तीन रिमोट सांभाळायला लावणे मला मान्य नव्हते. ज्याच्या खोलीत टीव्ही नाही, त्याने मात्र ती जोडीच घ्यावी. उद्या स्ट्रीमिंगचा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो, हा तिचा मोठा गुण आहे.

विलंबितानंतर द्रुत सुरू होताना मध्ये खंड पडतो का, हेही तपासले. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे केलेले असतात आणि जोडणीच्या जागी क्षणभर शांतता आली तर समेवर येणारा हात अडखळतो. पेन ड्राइव्हवरच्या फाइलींत भाच्याचे यंत्र अखंड वाजले; फोनवरून क्रोमकास्टने (गूगलच्या बिनतारी सोयीने) पाठवले असता खंड जाणवला.

शेवटी भाच्याच्या यंत्रासारखेच यंत्र घेतले. परदेशातून मागवले असते तर थोडे स्वस्त पडले असते, पण भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलासह घेतले, कारण बिघाड झाला की डबा कुरिअरने मुंबईला पाठवावा लागतो आणि बिलाशिवाय तेथे कोणी हात लावत नाही. उरलेल्या पैशांत लोखंडी स्टँड बनवून घेतले. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आहे. अ‍ॅपमध्ये आवाजाची कमाल मर्यादा शंभरपैकी साठवर बांधली आहे. जुना अ‍ॅम्प्लिफायर मुलीच्या खोलीत गेला असून तेथे तो फक्त थंडीत चालू होतो.