तेल पचवण्यासाठी जीवाणूंनी घडवलेला साबण

खनिज तेलातला हेक्साडेकेनसारखा लांब साखळीचा हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनचे संयुग) पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जीवाणू तर पाण्यातच जगतात; त्यामुळे अन्नाचा मोठा साठा समोर असूनही तो पेशीच्या आत पोचत नाही. या अडचणीवर काही जीवाणूंनी काढलेला मार्ग मला सूक्ष्मजीवशास्त्रातला अत्यंत देखणा भाग वाटतो, कारण तेल फोडणारा पदार्थ ते त्या तेलातल्याच कार्बनपासून तयार करतात.

स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूत हे स्पष्ट दिसते. त्याचे विकर (एन्झाइम) हायड्रोकार्बनच्या साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडते आणि पुढे अल्कोहोल, अल्डिहाइड अशा टप्प्यांतून मेदाम्ल बनते. बहुतेक मेदाम्ल ऊर्जेसाठी आणि वाढीसाठी खर्ची पडते. थोडा भाग मात्र ऱ्हॅम्नोज या शर्करेला जोडला जाऊन ऱ्हॅम्नोलिपिड तयार होते, आणि ही शर्करासुद्धा पेशी त्याच कार्बनपासून रचते. या रेणूचे शर्करेचे टोक पाण्याकडे, तर मेदाचे टोक तेलाकडे ओढले जाते. पाण्याचा पृष्ठताण त्यामुळे ७२ वरून सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरतो, तेलाचे बारीक थेंब होतात आणि जीवाणूंना भिडायला कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो.

सगळेच जीवाणू असा पदार्थ बाहेर सोडत नाहीत. १९९८ मध्ये वर्णन झालेला अल्कॅनिवोरॅक्स बोर्कुमेन्सिस हा सागरी जीवाणू प्रामुख्याने हायड्रोकार्बनवरच जगतो आणि ग्लुकोजयुक्त लिपिडे (मेदपदार्थ) बनवतो. ऱ्होडोकॉकस या जीवाणूंची ट्रेहॅलोज या शर्करेची लिपिडे बहुतांशी पेशीच्या आवरणालाच चिकटून असतात, त्यामुळे पेशी थेट तेलाच्या थेंबाला बिलगू शकते.

उद्योगांत ऱ्हॅम्नोलिपिडासाठी सहसा शर्करा किंवा वनस्पती तेल वापरतात. शिवाय स्यूडोमोनास एरुजिनोसा दुर्बल रुग्णांत गंभीर संसर्ग घडवू शकतो, म्हणून त्याची संबंधित जनुके निरुपद्रवी स्यूडोमोनास पुटिडात घालण्याचा प्रयत्न मला योग्य वाटतो.

सांडलेल्या तेलाच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. तेलात कार्बन मुबलक असतो, पण जीवाणूंच्या वाढीला लागणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस नगण्य. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर पसरलेल्या तेलावर म्हणूनच खते वापरली गेली आणि तिथल्या मूळ जीवाणूंच्या कामाला वेग आला. बाहेरून जीवाणू आणून सोडण्याआधी अशा स्थानिक जीवाणूंना नेमके काय कमी पडते, हे तपासले गेले पाहिजे.