विधानसभेत संमत, परिषदेत प्रलंबित

नागरिकशास्त्राच्या तासाला विधेयकाचा कायदा कसा होतो हे शिकवताना मी अनेक वर्षे फळ्यावर एक सरळ रेघ काढत असे: विधानसभा, विधानपरिषद, राज्यपाल, राजपत्र. मतदानात न हरताही विधेयक संपू शकते, ही गोष्ट मात्र त्या रेघेवरून मुळीच कळत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचा इतिहास नीट वाचल्यापासून मी ती रेघ सोडून दिली आणि वर्गात तो इतिहासच सांगू लागलो.

मंत्री सभागृहाच्या अनुमतीने विधेयक पुरःस्थापित करतात, त्याला उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडलेले असते, मग सर्वसाधारण चर्चा होते आणि त्यानंतर एकेक खंड मताला टाकला जातो. हा खंडनिहाय टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कायद्याचा खरा अर्थ तिथल्या शब्दांत ठरतो. जादूटोणाविरोधी विधेयकामुळे वारीवर, कीर्तनावर गदा येईल अशी भीती वारकऱ्यांमधून व्यक्त झाली होती. आज त्या अधिनियमात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन आणि भजन यांना तो लागू होणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. शेवटच्या वाचनानंतर विधेयक दुसऱ्या सभागृहाकडे जाते.

हे विधेयक विधानसभेने डिसेंबर २००५ मध्ये संमत केले आणि ते ७८ सदस्यांच्या विधानपरिषदेत अडकले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९६ नुसार, विधानसभेने संमत केलेले पण परिषदेत प्रलंबित असलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. २००९ मध्ये नेमके तेच झाले. मतदानात न हरताच चार वर्षांचे काम शून्यावर आले.

मुले इथे हमखास विचारतात, की परिषद एखादे विधेयक इतका काळ अडवू शकते का? घटनेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाविषयीचे विधेयक, तर परिषदेला जेमतेम १४ दिवस ठेवता येते. साधे विधेयक परिषदेसमोर मांडल्यापासून तीन महिने लोटले तरी परिषदेने ते संमत केले नाही, तर विधानसभा ते पुन्हा संमत करून पाठवू शकते, आणि मग परिषदेच्या हाती आणखी एकच महिना उरतो. संसदेसारख्या संयुक्त बैठकीची तरतूद राज्यात नाही, त्यामुळे अखेरचा शब्द विधानसभेचाच असतो. हा मार्ग त्या चार वर्षांत खुला होता आणि विधानसभेने तो वापरला नाही. म्हणून या विलंबाचा दोष एकट्या परिषदेला देणे मला न्याय्य वाटत नाही.

२०११ मध्ये सुधारित विधेयक आले आणि तेही रखडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्र पिंजून काढला होता. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाचा निर्णय घेतला आणि काही दिवसांतच तो जारी झाला. अध्यादेश म्हणजे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा; त्याचे आयुष्य मात्र तोकडे असते: विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही, तर तो संपतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेने १३ डिसेंबरला विधेयक संमत केले, आणि ज्या परिषदेत आधीचे विधेयक चार वर्षे पडून होते, तिने हे १८ डिसेंबरला, म्हणजे पाच दिवसांत संमत केले. सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३० तो हाच. ही तारीख सांगताना माझा आवाज आजही जड होतो.

दोन्ही सभागृहांनंतरचा टप्पाही मी आता घाईत उरकत नाही. राज्यपाल संमती देऊ शकतात, धनविधेयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. केंद्रीय कायद्याशी विसंगत तरतुदी असलेल्या, समवर्ती सूचीतील (म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांवरील) विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागते. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारे ‘शक्ती’ विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये संमत केले होते. ती संमती त्याला मिळाली नाही आणि राज्याच्या अधिनियमांत ते कधी दाखल झाले नाही.