फोटोतला रस्ता रिकामा नव्हताच

जुन्या वस्तीचा ब्लॅक अँड व्हाईट फोटो कुणी शेअर केला की खाली हमखास एकजण लिहितोच, "काय शांत होतं हो तेव्हा, गर्दी नाही काही नाही". मीपण तेच म्हणायचो. आता म्हणवत नाही.

कारण साधंय, कॅमेराच स्लो होता. फोटोग्राफीचे सुरुवातीचे प्रयोग करणाऱ्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यु ताँप्लचा फोटो काढला, उंचावरच्या खिडकीतून. थिएटरांचा रस्ता, भरपूर वर्दळीचा, पण एक्स्पोजर (प्लेटवर, म्हणजे फोटो उमटायच्या पत्र्यावर, उजेड पडू द्यायचा वेळ) कित्येक मिनिटांचं, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या सगळं गायब! उरला फक्त एकजण, जो बुटाला पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून थांबला होता. झूम करून बघा, खाली डावीकडे आहे, एवढुसा, शेजारी पॉलिशवाल्याचा नुसता काळा ठिपका. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून बरेचदा याचंच नाव निघतं, म्हणजे नाव कुणाला माहीत नाही ते सोडा. आणि मूळ प्लेटवर डावं-उजवं उलटं उमटलंय ते वेगळंच.

पुढे काचेच्या प्लेटा आल्या, एक्स्पोजर सेकंदांवर आलं, मग माणसं गायब व्हायची थांबली पण धुरासारखी पुसट झाली. फोटोग्राफर थॉमस अ‍ॅननचे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या बोळांचे फोटो घ्या, १८६८ ते ७१ मधले. इतका अरुंद बोळ की वर आभाळाची नुसती पट्टी दिसते, भिंती ओल्या, दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलून नुसते पांढरे फराटे झालेत, आणि भिंतीला टेकून उभी पोरं, त्यातलं एखादं हललं की त्याला चेहराच नाही. ही वस्ती खच्चून भरलेली होती, म्हणून तर ती पाडायची ठरली आणि पाडणाऱ्यांनीच आधी फोटो काढून घेतले. पॅरिसमध्ये शार्ल मार्व्हिलचंही तेच, नगरपालिकेने त्याला तोडफोडीआधीच्या गल्ल्या टिपायला लावलं, मधोमध गटार वाहणाऱ्या दगडी गल्ल्या. आपण ज्याला नॉस्टॅल्जिया म्हणून लाईक ठोकतो तो मुळात सरकारी रेकॉर्ड आहे, तेही पाडकामाच्या आधीचं.

आभाळ कोरं पांढरं का, तर त्या प्लेटा निळा रंग जास्तच पकडायच्या, आणि लाल जवळजवळ काळा दिसायचा, म्हणजे खरा रंग फोटोवरून कळतच नाही. त्यामुळे ॲपने रंग भरलेला फोटो बघून "दार हिरवं होतं बरं का" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. (परवा घातला. हरलो.)

हल्ली असा फोटो दिसला की इमारती नंतर, आधी कडा बघतो, दाराला टेकलेलं कोण, पायरीवर बसलेलं कोण, वरच्या खिडकीत कुणी आहे का. जे थांबले तेच आले ना फोटोत. कुत्र्यांचं तर फारच भारी, झोपलेलं असेल तर एकदम क्लिअर, जागं असेल तर शेपूट गायब नाहीतर डोकी दोन.