शह म्हण!

परवा दुपारी बँकेतून माझाच चेक मला परत मिळाला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘सही जुळत नाही. घरी जाऊन चेक करा.’ हात माझा, सही माझी; आता चेक काय करू, कपाळ? बाहेर येऊन रसवंतीच्या बाकड्यावर टेकलो, तर अंगात शर्टही चेक्सचाच निघाला.

आणि एकदम आजोबा आठवले. मे महिन्यात दुपारी ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडून बसायचे. मुंबईचा आतेभाऊ उंट सरकवून ‘चेक!’ ओरडला की आजोबा पुढची चालच खेळायचे नाहीत.

‘शह म्हण.’

‘तेच ते हो, आजोबा.’

‘तेच कसं? शह म्हण.’

पोरगा हट्टी, आजोबा त्याच्यावर ताण. एकदा तर पट दोन दिवस तसाच पडून होता. केर काढणाऱ्या आजीला सक्त ताकीद, सोंगटी हलता कामा नये. आजी पटाला वळसा घालून झाडायची आणि दोघांच्या नावानं पुटपुटायची.

गंमत म्हणजे पोराचंच बरोबर होतं. चेक म्हणजे शहच की! फारसीतला शाह, म्हणजे राजा, अरबांबरोबर युरोपात गेला, फ्रेंचांच्या तोंडी ‘एशेक’ झाला आणि इंग्रजीत पोचेपर्यंत झिजून ‘चेक’ उरला. त्याचंच अनेकवचन ‘चेस’. आपल्याकडे मात्र तो शह म्हणूनच नांदला. राजाला शह बसला की त्याची वाट अडते, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवल्यावर झडती आलीच, म्हणून तपासणं. आपला चेकनाका दोन्ही उरकतो. शर्टावरच्या चौकड्या तर सरळ पटावरूनच उचललेल्या. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचे हिशेबनीस सुमारे १० फूट बाय ५ फुटांच्या मेजावर चौकटींचं कापड अंथरून, त्यावर मोहरा सरकवत बेरजा-वजाबाक्या करत. रोमन आकड्यांत दुसरं काय करणार बिचारे! त्या कापडावरून खजिन्याच्या खात्याचंच नाव ‘एक्सचेकर’ पडलं.

बँकेतला चेक त्यामानानं अलीकडचा, १८व्या शतकातला. आधी चेक म्हणत ते स्थळप्रतीला, खोटा कागद पकडता यावा म्हणून ठेवलेल्या. नाव मग मूळ कागदालाच चिकटलं. म्हणजे या कागदाचा जन्मच संशयातला. काउंटरवरच्या बाईंना काय बोलायचं?

रात्री न राहवून आतेभावाला फोन लावला. शाह, फ्रेंच, खजिना, सगळं सांगितलं. चाळीस वर्षांनी का होईना, तू जिंकलास म्हटलं. तो थोडा वेळ गप्प.

‘मी?’ म्हणाला. ‘मी कायम शहच म्हणायचो. चेक तू म्हणायचास.’