चाइल्ड सीटच्या मागे लोंबणारा तो तिसरा पट्टा

चाइल्ड सीट आणली, आयसोफिक्सचे, म्हणजे सीट गाडीतल्या लोखंडी बारांना थेट जोडणारे, दोन्ही हूक 'खट्' आवाज करून बसले, हिरवी खूण दिसली, की काम झालं असं बहुतेक घरांत धरलं जातं. सीटच्या पाठीमागून निघालेला, टोकाला लोखंडी हूक असलेला लांब पट्टा मात्र गुंडाळून तसाच खोचलेला राहतो. हा टॉप टेदर. समोरून धडक बसली तर मुलाचं डोकं किती पुढे जाईल, हे बऱ्याच अंशी हा एकच पट्टा ठरवतो. म्हणून आज फक्त त्याच्याविषयी.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. आणि धडक सगळी मिळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आटोपते. १४ किलोचं मूल आणि १० किलोची सीट मिळून २४ किलो झाले. गाडी २० जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विसपट ओढीने, थांबली असं धरलं, तर या २४ किलोंना पुढे ओढणारा जोर सुमारे ४८० किलो वजनाएवढा होतो. आईच्या मांडीवर, तिच्या हातांत मूल सुरक्षित असतं हा समज इथेच संपतो.

हा जोर खाली आयसोफिक्सचे हूक ज्यांत बसतात ते गाडीचे दोन बार पेलतात. गादी आणि पाठ जिथे मिळतात त्या खाचेत, ६ मिलिमीटर जाडीचे, मध्यापासून मध्यापर्यंत २८० मिलिमीटर अंतरावर बसवलेले. पण मुलाचं आणि सीटचं वजन त्यांच्या बरंच वर असतं. उंच कपाट फक्त पायाशी धरून ट्रकमध्ये ठेवलं आणि ब्रेक लागला, तर ते जागचं सरकत नाही, पुढे कलंडतं. सीटचंही तेच होतं. ती बारांभोवती पुढे फिरते, गाडीच्या गादीची पुढची कड दबते आणि सगळ्यात लांबचा प्रवास सगळ्यात वरच्या टोकाचा, म्हणजे डोक्याचा होतो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते.

टेदर सीटला वरून मागे धरून ठेवतो, म्हणजे कलंडायला जागाच देत नाही. अमेरिकेच्या चाइल्ड सीटसाठीच्या एफएमव्हीएसएस २१३ या नियमात ताशी ४८ किलोमीटरच्या चाचणीत, आसनावरच्या ठरावीक बिंदूपासून डोकं टेदरशिवाय ८१३ मिलिमीटरच्या आणि टेदर लावून ७२० मिलिमीटरच्या आत राहावं लागतं. फरक ९३ मिलिमीटरचा. कागदावर थोडा वाटतो. पण आपल्या हॅचबॅकमध्ये पुढे उंच माणूस सीट मागे सरकवून बसला, की मुलाचं डोकं आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यात मुळात फार जागा उरत नाही. तिथे एवढ्या अंतरावर डोकं आपटणं किंवा न आपटणं ठरतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. 'पट्टा थोडा सैल असला की झटका कमी बसतो.' हे अगदी उलटं आहे. बंद पडलेली गाडी दोराने ओढताना दोराला झोल ठेवून पुढच्या गाडीने जोर लावला, तर काय होतं ते आठवा. दोर ताणला जाताच हिसका बसतो, कधी दोरच तुटतो. दोर आधी ताणून घेतला तर गाडी मुकाट मागे येते. धडकेतही तसंच आहे. गाडी २० जीने थांबत असेल आणि टेदरला ५ सेंटिमीटर झोल असेल, तर झोल संपेपर्यंत सीटच्या वरच्या भागाने गाडीच्या तुलनेत ताशी १६ किलोमीटरपर्यंत वेग पकडलेला असतो. २ सेंटिमीटर झोल असेल तर ताशी १० किलोमीटर. खालचे हूक सीट धरून असल्याने प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण हा वेग मग एका झटक्यात मारावा लागतो आणि तो झटका मानेला सोसावा लागतो. पट्टा आधीच ताणलेला असेल तर गाडीचं बॉनेट चेपायला लागतं त्या क्षणापासून मूलही गाडीबरोबर हळूहळू थांबायला लागतं. बॉनेट चेपण्याचा फायदा मुलापर्यंत पोचवायचा तर मधे कुठेही झोल नको.

मग मऊपणा येतो कुठून? पट्ट्याचं विणकाम जोराखाली थोडं लांबतं. काही सीटच्या टेदरमध्ये पट्ट्याची घडी घालून तिच्यावर मुद्दाम टाके मारलेले असतात. ठरावीक जोराच्या पुढे हे टाके एकेक करून उसवतात, घडी उलगडत जाते आणि प्रत्येक टाका तुटताना थोडी थोडी ऊर्जा खाऊन जातो. पट्टा लांबतो खरा, पण झोलासारखा फुकट नाही, जोर धरून लांबतो. ढील आणि ही घडी यांत हाच फरक आहे.

आता हूक अडकवायचा कुठे? हॅचबॅकमध्ये अँकर, म्हणजे हूक अडकवायची गाडीतली पक्की कडी, बहुधा मागच्या सीटच्या पाठीवर, डिकीच्या बाजूने असतो. सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. एसयूव्ही आणि सात सीटवाल्या गाड्यांत पाठीवर किंवा डिकीच्या तळाशी. जवळ जहाजाच्या नांगराचं चित्र असतं. ते चित्र नसेल तर हूक तिथे लावू नका. डिकीत सामान बांधायची कडी असते, पिशवी अडकवायचा प्लॅस्टिकचा हूक असतो, आणि टेदर यांनाच लावल्याचं वरचेवर दिसतं. त्या कड्या अर्ध्या टनाच्या ओढीसाठी नसतात.

नाशिकमध्ये दोन अडचणी फार दिसतात. पहिली सीएनजीची. बाहेरून किट बसवलं, की डिकीतली टाकी नेमकी सीटच्या पाठीला चिकटून येते आणि अँकरपर्यंत हातच जात नाही, किंवा पट्टा टाकीच्या ब्रॅकेटवर घासतो. किट बसवायच्या आधीच चाइल्ड सीट गाडीत लावून दाखवा आणि टाकी थोडी मागे घ्यायला सांगा. दुसरी सीट कव्हरची. रेक्झिनचं कव्हर चढवताना खालच्या बारांच्या खाचा आणि मागचे अँकर दोन्ही झाकले जातात. कारागिराला तिथे चीर मारून कडा शिवून द्यायला सांगा. नुसती ब्लेडने मारलेली चीर पुढे फाटत जाते. जाड फोमचं कव्हर असेल तर मुलाच्या सीटखालून ते काढूनच टाका, कारण तो फोम दबला की तोही झोलच.

बसवायचा क्रम असा. पाठ ६०:४० दुमडणारी असेल तर ती आधी पक्की लॉक करा. काही गाड्यांत लॉकच्या बटणाशी लाल खूण असते, ती दिसता कामा नये. टेदर त्याच पाठीला ओढून धरणार आहे, तेव्हा पाठ अर्धवट बसलेली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग खालचे आयसोफिक्स लावा, गुडघ्याने सीट दाबत मागे ढकला. हॅचबॅकचा पार्सल ट्रे पट्ट्याच्या वाटेत येत असेल तर काढून ठेवा. पट्टा एकेरी असेल तर साधारणपणे हेडरेस्ट वर करून तिच्या दोन दांड्यांमधून घ्यायचा, वाय आकाराचा असेल तर हेडरेस्टच्या दोन्ही बाजूंनी. सीटचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर ते ऐकायचं. पट्ट्याला पीळ नको. हूक लावा, ओढा, खूण हिरवी होईपर्यंत. पण सीटचा पुढचा भाग उचलला जाईल इतका करकचून नको. उरलेलं टोक गुंडाळून बांधा. शेवटी सीट वरच्या कडेला धरून पुढे ओढून बघा, आणि आठवड्याने पुन्हा, कारण गादी दबते आणि पट्टा सैल होतो. पिंपळगावहून द्राक्षांचे क्रेट आणताना पाठ दुमडली असेल, तर त्या दिवशीही.

तान्ह्या बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट असेल तर हे लागू नाही. तिथे बहुधा गाडीच्या तळावर टेकणारा, सीटला जोडलेला पाय असतो, आणि मॅन्युअलने सांगितलं तरच टेदर. तो पाय गाडीच्या तळातल्या पोकळ खणाच्या झाकणावर टेकवू नका. आय-साइज या चाइल्ड सीटच्या आंतरराष्ट्रीय नियमात आयसोफिक्सने धरलेल्या मुलाचं आणि सीटचं मिळून वजन ३३ किलोंच्या आत असावं लागतं, हेही मुलाचं वजन वाढेल तसं पाहत जा.

थंडीत आणखी एक गोष्ट. निफाडकडे पारा खाली गेला, की मुलाला जाड जॅकेट घालूनच सीटमध्ये बसवलं जातं. जॅकेट धडकेत चेपतं आणि आतल्या पट्ट्याला झोल येतो. टेदर कितीही ताठ असो, मूल सीटच्या आत सैल राहतं. जॅकेट काढा, पट्टा आवळा, खांद्यावरचा पट्टा चिमटीत उभा पकडून बघा, सापडता कामा नये. मग वरून शाल पांघरा.

१४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १,००० रुपये दंड आहे. गाड्यांना सुरक्षेचे गुण देणाऱ्या भारत एनसीएपीच्या धडक चाचण्या १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या. गाडीला मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी जे गुण मिळतात, त्यांत चाचणीतल्या सीट मॅन्युअलप्रमाणे बसवलेल्या असतात. टेदर सोडून बसवलेल्या तुमच्या सीटला ते गुण लागू होत नाहीत. समृद्धीवर गाड्यांना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

मोठी धडक झाली असेल तर सीट बदला, बाहेरून ठीक दिसली तरी. टेदरच्या घडीचे टाके उसवलेले दिसले तर त्याने काम केलं आहे आणि तो संपला आहे. तो पट्टा बॅग दुरुस्तीच्या दुकानात शिवून आणू नका. किती टाके, कुठल्या धाग्याचे, कोणत्या जोराला उसवायचे, हे सगळं मोजून ठरवलेलं असतं. जाड दोऱ्याने घट्ट शिवलेली घडी उलगडणारच नाही.