संत्री कुठे आहेत?

"नागपुरात आहे काय बघायला? ऊन आणि मारामाऱ्या. त्याची कसली जाहिरात करता?" पुण्यामुंबईच्यांनी हे विचारलं तर समजू शकतं, पण इथल्याच धरमपेठेतले लोकही विचारतात. शहराची माहितीपत्रकं लिहिणं हे माझं काम, म्हणून एकदाचं उत्तर देतो. तुम्ही विचारलंत म्हणून.

उन्हाचं आधी. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि "उबदार हवामान" असं लिहिलं की वाचणारा हसतो. पण त्याच दिवसांत जंगलातले पाणवठे आटतात, पानगळीनं आड काही उरत नाही आणि वाघ पाण्यावर दिसतो. तेव्हा तापमान छापायचं आणि खाली दिवसाची आखणीही द्यायची: सफारी पहाटेची, दुपारी १२ ते ५ छताखाली (अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, चालेल, फक्त सोमवार नको), फुटाळा तलाव ऊन उतरल्यावर. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद, ताडोबा मंगळवारी बंद, हे पहिल्याच पानावर हवं.

मारामाऱ्यांबद्दल थोडक्यात. "सुरक्षित शहर" असं कधीच लिहू नये, कारण ज्याच्या मनात शंका नव्हती त्याच्याही येते. त्यापेक्षा रात्री स्टेशनवरून हॉटेलात कसं पोहोचायचं आणि शेवटची मेट्रो किती वाजता, ते लिहावं. बातम्या जाहिरातीनं पुसल्या जात नाहीत. ते आमच्या हातातलं कामच नाही.

आता संत्र्याचं. इथे मात्र चूक आमचीच, म्हणजे माझीही. वर्षानुवर्षं मुखपृष्ठावर फळांनी वाकलेलं झाड आणि "संत्रानगरीत स्वागत". महिना नाही, गाव नाही. शाळांना सुट्टी लागते मेमध्ये, कुटुंबं येतात तेव्हाच, आणि हॉटेलच्या काउंटरवर विचारतात: बागा कुठे आहेत? शहरात नाहीतच. त्या काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे. कुणी तितक्या लांब गाडी काढून गेलंच, तर मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलणारी, बाग तेव्हा ताणावर असते. पाणी मुद्दाम तोडलेलं, पानं मलूल, जमीन भेगाळलेली. पावसाच्या सुरुवातीला एकदम फुलोरा यावा म्हणून शेतकरी झाडाला असं उपाशी ठेवतो. पाहुण्याला हे कोण सांगणार? तो सुकलेल्या झाडाचा फोटो टाकतो, खाली लिहितो, "हीच का ती संत्रानगरी?" बदनामीत आणखी एक भर, आणि तीही आमच्याच छपाईच्या खर्चानं.

लिहायला हवं होतं ते एवढंच: आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याचं, फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारी-मार्च. हंगामाच्या सुरुवातीचं फळ वरून हिरवट दिसलं तरी ते कच्चंच असेल असं नाही. मेमध्ये आलात तर संत्रा बर्फी घ्या, बाग राहू द्या.

तेव्हा माझं म्हणणं असायचं, "आधी येऊ द्या, मग बघू." आले ना. शहरातल्या झिरो माईल या दगडालाही असंच "देशाचा मध्यबिंदू" करून टाकलं. १९०७ चा तो सर्वेक्षणाचा दगड, त्याची खरी गोष्ट जास्त मजेदार आहे, ती सांगायची आळसानं राहिली.

पण सगळं खरं लिहिलं की नवी पंचाईत. डिसेंबरात हवा छान, आंबियाची संत्री बाजारात, आणि नेमकं तेव्हाच हिवाळी अधिवेशन. खोल्या आमदार आणि त्यांच्या माणसांनी भरलेल्या, रस्त्यावर मोर्चे आणि बॅरिकेड. म्हणजे आमचा सर्वात चांगला महिना पाहुण्याला द्यायला आमच्याकडे जागाच नाही. म्हणून आता फेब्रुवारी सुचवतो. त्यावर छापणारा म्हणतो, "साहेब, हे पत्रक आहे का रेल्वेचं टाइमटेबल? कोणी हातात घेईल का?" त्याचंही चूक नाही. मुखपृष्ठावर अजून तेच वाकलेलं झाड आहे. खाली बारीक अक्षरात "काटोल, फेब्रुवारी" एवढं घालून घेतलंय.