तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मुलाखती कुठे आहेत?

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच: "इतकी वर्षं राष्ट्रीय उद्यानासाठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा केल्यात, मग त्या ऐकायला का देत नाही?" वनखात्यातले विचारतात, कार्यकर्ते विचारतात, पीएचडीची मुलं तर फारच. "संमतीचा प्रश्न आहे," एवढं सांगून मी आजवर सुटत आले. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

काम मला आजही पटतं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. ज्या तारूचं नाव त्याला लागलं तो गोंडांचा, वाघाशी झुंजताना गेलेला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. सफारीहून परतणारे सांगतात, "जामणीला वाघीण दिसली." जामणी हे गाव होतं. चुली होत्या तिथे. हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे म्हणून मी आले. मानधन उद्यानाच्या निधीतून मिळतं म्हणून मला 'खात्याची बाई' म्हणतात, ते मी मान्य करत नाही. वाघाला मोकळी जागा हवी, हेही मी कधी नाकारलेलं नाही.

गोष्ट दुसऱ्याच एका उद्यानातली आहे. नाव सांगणार नाही. गाव उठून बाहेर वसलं होतं. एक गोंड आजी अंगणात मोहफुलं निवडत बसलेली, मी समोर, रेकॉर्डर सुपाच्या कडेला. तिसरी बैठक होती. बोलता बोलता तिने सांगितलं, वर्षातून एकदा चार-पाच बायका जुन्या गावच्या पेनठाण्याला, म्हणजे गोंडांच्या देवाच्या जागेला, जातात. नाल्याच्या अंगाने, पहाटे. कुठे वळायचं, कुठल्या सालईपाशी थांबून कानोसा घ्यायचा, सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. फुलातला काडीकचरा बाजूला पडत होता.

मी ती वाट अहवालाच्या नकाशात काढली. ठळक रेघेने. वाट कागदावर आली की पूजेसाठी रीतसर परवानगी मागता येईल, असं माझं म्हणणं होतं. पुढच्या हंगामात नाल्याच्या तोंडाशी चौकी बसली. बायका अडवल्या गेल्या, टोपल्या-विळे जप्त झाले, आजीला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. अधिकाऱ्यांनी सांगितलं, तिथे वाघीण बछडी घेऊन फिरते. तेही खरं होतं, ठसे मी स्वतः पाहिले. चौकी माझ्या नकाशामुळेच बसली, हे मला आजतागायत सिद्ध करता आलेलं नाही. सिद्ध झालं नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटत नाही.

मी भेटायला गेले. आजीने कोरा चहा दिला आणि म्हणाली, लाव ते. मी लावलं. स्वतःचा आवाज ती मान खाली घालून ऐकत राहिली. सालईचं झाड आलं तसा हात वर केला.

"म्या तुले सांगतलं होतं, पोरी. कागदाले नाही."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या वेळच्या मला वाटायचं, नोंदवलं की वाचलं. माझ्यातल्या त्या जुन्या बाईला मी पुष्कळदा खडसावते, पण ती गप्प बसत नाही, कारण तिच्याही हातात काही आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या ज्येष्ठांचं लेखी उतरवलेलं कथन पुरावा धरलं जातं. पूजेच्या जागा, विहिरी, स्मशानं हीसुद्धा. ज्यांच्याकडे सातबारा नाही, त्यांच्याकडे म्हाताऱ्यांची आठवण असते. ती मी कपाटात कुलूप लावून ठेवते, म्हणजे कुणाचं भलं करते?

आजी गेल्या पावसाळ्यात गेली. दिवाळीनंतर तिचा नातू आला. ग्रामसभा पेनठाण्यावर दावा टाकतेय, आजीचं बोलणं लिहून द्या म्हणाला. त्या बैठकीत ठाण्याची पाच पिढ्यांची हकीकत आहे, आणि तिच्यातच गुंतलेली ती वाट. वाट गाळून देते म्हटलं, तर तो म्हणाला, "मॅडम, वाटेशिवाय आम्ही तिथे जात होतो हे कसं दाखवायचं?"

मी अजून दिलेलं नाही. तो दर आठवड्याला फोन करतो, आणि मी उचलते.